ई-सायकलचा हेडलाइट: पैसे वॉटवर नको, कन्व्हर्टरवर घाला

कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक ई-सायकलींचा पुढचा दिवा, सायकल येतेय एवढं समोरच्याला कळवण्यापुरता असतो. खड्डा, सांडलेली खडी, रस्त्यात बसलेलं कुत्रं दिसायला तो पुरत नाही. म्हणून लोक दुचाकीचा चार-सहा एलईडींचा, खोक्यावर १२५ वॉट छापलेला दिवा आणतात आणि थेट बॅटरीला जोडतात. काही दिवे पहिल्याच फुल चार्जनंतर जळतात. जे टिकतात ते समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतात.

या परीक्षणात आपल्याकडे सहज मिळणारे चार मार्ग घेतले आहेत: थेट बॅटरीवर चालणारा दिवा, कंट्रोलरच्या (मोटर चालवणाऱ्या डब्याच्या) लाइट वायरवर चालणारा दिवा, उघड्या पाटीचा, म्हणजे नुसत्या सर्किट बोर्डाचा कन्व्हर्टर (बॅटरीचं व्होल्टेज दिव्याला लागेल एवढं कमी करणारा) आणि रेझिन ओतून सील केलेला कन्व्हर्टर. निकाल आधीच सांगून टाकतो. ३६ ते ७२ व्होल्ट घेऊन १२ व्होल्ट देणारा सीलबंद कन्व्हर्टर, आणि त्यावर झोताची वरची कडा नीट कापलेला, म्हणजे उजेड एका सरळ रेघेच्या खालीच टाकणारा, खराखुरा १० ते १५ वॉटचा दिवा. ही जोडी बाकी सगळ्यांपेक्षा उजवी आहे, आणि बॅटरीच्या किमतीपुढे तिचा खर्च किरकोळ आहे.

उजेड किती लागतो?

नोंदणी-लायसन्सशिवाय चालणाऱ्या ई-सायकलचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि मोटर २५० वॉटच्या आत असावी लागते. ताशी २५ म्हणजे सेकंदाला ७ मीटर. खड्डा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर साडेदहा मीटर तिथेच गेले. पुढे थांबायला कोरड्या रस्त्यावर सहा-एक मीटर लागतात, ओल्यावर बारा. म्हणजे पावसातही २५ ते ३० मीटरपर्यंतचा रस्ता स्वच्छ दिसला की काम झालं.

चांगला एलईडी वॉटमागे शंभर-सव्वाशे ल्युमेन (एकूण उजेडाचं माप) देतो. दहा वॉटचे हजार ल्युमेन रस्त्यावरच पडले तर ते भरपूर होतात. झाडांच्या शेंड्यांवर पडले तर चाळीस वॉटही अपुरे. जर्मनीच्या नियमांत सायकलच्या दिव्याचा झोत दहा मीटरवर लक्समध्ये (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाच्या मापात) मोजतात आणि क्षितिजाच्या वर जाणाऱ्या उजेडावर मर्यादा घालतात. बुश अँड म्युलर या जर्मन कंपनीचे डायनॅमोवरचे दिवे अवघ्या ६ व्होल्ट, ३ वॉटवर चालतात आणि तरी अंधाऱ्या रस्त्यावर पुरतात, ते याच शिस्तीमुळे. दिवा घेताना हे डोक्यात पक्कं असलं की खोक्यावरच्या आकड्याला भुलायला होत नाही.

बॅटरीवरचा आकडा आणि खरा आकडा

३६ व्होल्टची बॅटरी म्हणजे एकामागे एक जोडलेले दहा लिथियम सेल. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला असतो, म्हणजे पॅक ४२ व्होल्टला. ४८ व्होल्टचा पॅक तेरा सेलचा, भरल्यावर ५४.६. दिव्याला आणि कन्व्हर्टरला सोसावा लागतो तो हा वरचा आकडा.

उघड्या पाटीचे कन्व्हर्टर इथेच मार खातात. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सगळ्यात सहज हातात पडतो तो एलएम२५९६ चिपचा निळा मॉड्यूल. त्याची मर्यादा ४० व्होल्ट. एक्सएल४०१५ ची ३६ आणि एक्सएल४०१६ ची ४०. बॅटरी अर्धी उतरलेली असताना जोडलं तर हे छान चालतात, म्हणून लोक निर्धास्त होतात. मग रात्रभर चार्ज करून सकाळी ४२ व्होल्ट मिळाले की चिप जाते, कधी लगेच, कधी महिन्याभराने. आणि अशी चिप जाताना बहुधा आरपार शॉर्ट होते, म्हणजे १२ व्होल्टच्या दिव्यावर सरळ ४२ व्होल्ट पडतात. एक्सएल७०१५ चिप ८० व्होल्टपर्यंत सोसते, पण तिचा प्रवाह ०.८ अँपिअरपर्यंतच, पाच-सहा वॉटच्या दिव्याला ठीक, त्यापुढे ती तापते.

यात आणखी एक गोम आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. चालू बॅटरीला लांब वायरीने कन्व्हर्टर एकदम जोडला की वायरचं इंडक्टन्स आणि कन्व्हर्टरच्या तोंडाचा सिरॅमिक कपॅसिटर मिळून क्षणभर व्होल्टेजची उसळी देतात. ही उसळी बॅटरीच्या जवळपास दुप्पट जाऊ शकते. ४२ चे क्षणभर ८० झाले तर ६० व्होल्टची चिपही जाते, आणि दुकानदार म्हणतो की तुम्ही उलटं जोडलं असेल. उपाय सोपा आहे: कन्व्हर्टरच्या इनपुटला १०० मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा साधा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर समांतर जोडा. त्याचा अंतर्गत रोध ही उसळी शोषून घेतो. आणि जोडणी नेहमी बॅटरी बंद करून, शक्य असेल तर काढून ठेवून करा.

पॅकमधल्या तीन-चार सेलवरून १२ व्होल्ट काढून घ्यायची युक्ती काही मेकॅनिक सुचवतात. ती अजिबात करू नका. तेवढेच सेल रोज जास्त उतरतात, बीएमएसला (पॅकमधल्या संरक्षक सर्किटला) ते सावरता येत नाहीत आणि चांगला पॅक अकाली मरतो.

थेट बॅटरीवरचे दिवे

यू-५, यू-७ या नावांनी विकले जाणारे दिवे आणि त्यांचे भाईबंद यात येतात. बऱ्याच जणांवर १२–८० व्होल्ट असं लिहिलेलं असतं, कारण आत एलईडीचा प्रवाह सांभाळणारा स्वतःचा ड्रायव्हर असतो. ३६ व्होल्टच्या सायकलवर ते थेट चालतात आणि जोडणी सर्वांत सोपी: दोन वायरी, फ्यूज, स्विच. छापील १२५ वॉटवर विश्वास ठेवू नका. मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मालिकेत जोडला तर ३६ व्होल्टवर साधारण ०.३ ते ०.४ अँपिअर दिसतो, म्हणजे ११ ते १५ वॉट. एवढ्याशा अॅल्युमिनियमच्या डब्यातून याहून जास्त उष्णता बाहेर पडणंच शक्य नाही.

खरा दोष झोतात आहे. भिंग गोल उजेड फेकतं, त्याचा निम्मा भाग आडव्या रेषेच्या वर जातो. दिवा खाली वाकवला तर चाकापुढे लख्ख डाग पडतो आणि त्यापलीकडे आणखी काळोख वाटतो. दुसरा दोष जास्त त्रासदायक. अनेक मॉडेलमध्ये पूर्ण, मंद आणि लुकलुक असे तीन प्रकार असतात आणि वीज क्षणभर तुटून परत आली की प्रकार बदलतो. खड्ड्यात बॅटरीचा खाच-संपर्क किंचित हलला तरी दिव्याला तेवढं निमित्त पुरतं, आणि अंधाऱ्या उतारावर हेडलाइट अचानक लुकलुकायला लागतो. घ्यायचाच असेल तर एकाच प्रकारचा घ्या, किंवा लो आणि हाय यांच्या वायरी वेगळ्या असलेला. ४८ व्होल्टच्या सायकलवर ६० ची मर्यादा असलेला दिवा टाळा. ५४.६ वर मोटरच्या ब्रेकिंगची किंवा जोडणीची उसळी आली तर मधली फट फारच अरुंद उरते.

कंट्रोलरची लाइट वायर

बहुतेक डिस्प्लेवर अधिकचं बटण दाबून धरलं की दिवा लागतो. म्हणजे कंट्रोलरमधून लाइटसाठी एक वायर आलेली असते. ती किती व्होल्ट देते हे सायकलगणिक वेगळं आहे. बाफांग कंपनीच्या मिड-ड्राइव्ह (पॅडलपाशी मोटर असलेल्या) किटमध्ये ती ६ व्होल्टची असते. केटी या ब्रँडच्या कंट्रोलरमध्ये ती बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज देते. म्हणून आधी मोजा. मोजताना मल्टिमीटरची काळी पिन लाइटच्या काळ्या वायरला लावू नका, बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. काही कंट्रोलर पॉझिटिव्ह कायम ठेवतात आणि निगेटिव्ह चालू-बंद करतात. ते या एकाच पद्धतीने कळतं.

या वायरीमागे कंट्रोलरमध्ये एक छोटा ट्रान्झिस्टर असतो. अर्ध्या अँपिअरच्या मापाचा दिवा त्याला झेपतो. १२ व्होल्टचा कन्व्हर्टर त्यावर लादला तर चालू होतानाच्या धक्क्याने तो जातो. त्यानंतर दिवा एकतर कायमचा बंद, नाहीतर कायमचा चालू, आणि अख्खा कंट्रोलर बदलण्यावाचून गत्यंतर नाही. ६ व्होल्ट मिळत असतील तर त्यावर जर्मन पद्धतीचा ६ व्होल्ट डीसीचा दिवा लावणं हा देखणा आणि टिकाऊ मार्ग आहे. मात्र दिवा मागवावा लागतो आणि स्वस्त नाही.

सीलबंद कन्व्हर्टर

ई-रिक्षा आणि इलेक्ट्रिक स्कूटरच्या सुट्या भागांच्या दुकानात तो 'डीसी कन्व्हर्टर' या नावाने मिळतो, किंमत पाचशे रुपयांच्या आगेमागे. काळ्या रेझिनमध्ये बुडवलेला, उष्णता सोडणाऱ्या उभ्या पट्ट्यांचा अॅल्युमिनियम डबा, लेबलवर ३६–७२ व्होल्ट इनपुट, १२ व्होल्ट १० अँपिअर आउटपुट. दहा अँपिअर हा आकडा त्याचा क्षणिक दम आहे; सलग पाचवर चालवावा. आपल्याला लागतो जेमतेम सव्वा-दीड. एवढ्या भारावर तो फक्त कोमट होतो आणि हेच त्याच्या टिकाऊपणाचं कारण. रेझिनमुळे पाणी आणि हादरे दोन्हींची चिंता मिटते, जी उघड्या पाटीला कायम राहते.

घेताना तीन वायरींचा नको, चार वायरींचा मागा. लाल म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह, काळी म्हणजे सामायिक निगेटिव्ह, पिवळी म्हणजे १२ व्होल्ट, असं बहुतेकांत असतं, तरी रंगावर न जाता लेबल वाचा. चौथी, बारीक वायर ही चावीची. तिला बॅटरीचा पॉझिटिव्ह मिळाला की कन्व्हर्टर जागा होतो. ती काही मिलिअँपिअरच ओढते, म्हणून कंट्रोलरच्या लाइट वायरवर ती बिनधास्त चालते. दिव्याचा खरा प्रवाह जाड वायरीतून येतो, डिस्प्लेचं बटण फक्त इशारा करतं. अर्थात हे लाइट वायर पूर्ण व्होल्टेज पॉझिटिव्हवर देत असेल तेव्हाच. ६ व्होल्टची असेल किंवा निगेटिव्ह तोडणारी असेल तर हँडलवर छोटा स्विच बसवून त्यातून ही बारीक वायर चालवा.

तीन वायरींचा कन्व्हर्टर कायम जागा राहतो. दिवा बंद असतानाही १० मिलिअँपिअर ओढले तर दिवसाला ०.२४ अँपिअर-तास जातात. ७.६५ अँपिअर-तासांची बॅटरी महिनाभर उभ्या सायकलवर रिकामी होते, आणि पार रिकामा झालेला लिथियम पॅक मग चार्जच घेत नाही. चौथ्या वायरीसाठी चार पैसे जास्त द्यायचे ते यासाठी.

जोडणी

वीज घ्यायची जागा म्हणजे बॅटरीची खाच आणि कंट्रोलर यांच्यामधल्या जाड लाल-काळ्या वायरी. बॅटरीचा डबा उघडू नका. वॉरंटी जाते, शिवाय आत चुकून बीएमएसच्या आधीचा निगेटिव्ह पकडला तर बॅटरीचं संरक्षण दिव्यापुरतं निकामी होतं. मधल्या कनेक्टरला दुहेरी शाखा बसवा किंवा वायरचं आवरण सोलून सोल्डरचा नीट डाग द्या आणि वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी पावसाळा काढत नाही.

लाल शाखेवर, जाड वायरीपासून बोटभर अंतरातच, २ अँपिअरचा स्लो-ब्लो (क्षणिक धक्क्याने न उडणारा) फ्यूज. फ्यूज लांब दिव्याशी बसवला तर मधली सगळी वायर असंरक्षित राहते. मोटारीत वापरतात ते रंगीत पात्याचे फ्यूज साधारण ३२ व्होल्टपर्यंतचेच असतात. ४२ किंवा ५४ व्होल्टवर ते तुटले तरी आत ठिणगी चालू राहू शकते. सिरॅमिक नळीचा फ्यूज घ्या. वायर ०.५ स्क्वेअर मिलिमीटरची, अनेक तारांची. घरातल्या वायरिंगची एकतारी वायर हँडलच्या वळणाशी काही महिन्यांत तुटते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा आणि मगच केबल टाय आवळा.

दिव्यावर ९–३० व्होल्ट अशी मर्यादा असेल तर १२ व्होल्टच्या बाजूला ३ अँपिअरचा फ्यूज आणि त्यानंतर पॉझिटिव्ह-निगेटिव्हमध्ये १.५केई१८ए हा टीव्हीएस डायोड (मर्यादेबाहेरचं व्होल्टेज अडवणारा) टाका, पट्टीचं टोक पॉझिटिव्हला. कन्व्हर्टर कधी आरपार गेलाच तर डायोड शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि दिवा वाचतो. १२–८० व्होल्टचा दिवा असेल तर याची गरज नाही.

पुढचा दिवा

१२ व्होल्टवर आमची पसंती दुचाकीच्या छोट्या प्रोजेक्टर दिव्यांना आहे, ज्यांत पिवळसर लो-बीम आणि पांढरा हाय-बीम वेगवेगळ्या वायरींवर असतो. जोडी मिळते, सायकलला एकच लावा. लो-बीमची कडा भिंतीवर टाकून दुकानातच पाहा: वर काळोख, खाली उजेड आणि मध्ये सरळ रेघ हवी. रेघ पुसट असेल तर घेऊ नका. हाय-बीमची वायर वेगळ्या बटणावर ठेवा आणि ती मोकळ्या रस्त्यापुरतीच वापरा. पिवळसर रंग ओल्या डांबरावर डोळ्याला पांढऱ्यापेक्षा सुसह्य वाटतो, आमच्या मते शहरातल्या पावसाळी रात्रींसाठी तोच बरा.

दिवा हँडलवर बसवण्यापेक्षा फोर्कच्या माथ्याशी, ६ मिलिमीटरच्या बोल्टवर पत्र्याची पट्टी लावून बसवलेला जास्त स्थिर राहतो. झोत लावायचा तो असा. सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर सायकल उभी करा, वर माणूस बसलेला हवा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासून उंची ९० सेंटिमीटर असेल तर झोताची वरची कडा भिंतीवर ८० सेंटिमीटरवर यायला हवी. ५ मीटरला १० सेंटिमीटर उतार म्हणजे कडा ४५ मीटरवर जमिनीला टेकते. लागणाऱ्या ३० मीटरना हे पुरेसं आहे आणि समोरच्याच्या डोळ्यांच्या बरंच खाली राहतं.

पाणी आणि बिघाड

खोक्यावर आयपी६७ लिहिलेल्या दिव्यातही पाणी जातं ते बहुधा काचेतून नव्हे, वायरीच्या भोकातून. दिव्याला जाणारी वायर आधी खाली झोळी देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब झोळीच्या तळाला गळतात. कनेक्टरचं तोंड खाली असू द्या. कन्व्हर्टर फ्रेमच्या डाउनट्यूबला चाकाच्या शिंतोड्यांपासून दूर, वायरी खालच्या बाजूने निघतील असा बांधा.

थ्रॉटल दिल्यावर दिवा लुकलुकला तर लोक कन्व्हर्टर बदलतात. ते चूक आहे. बॅटरी भाराखाली ४० वरून ३४ वर आली तरी कन्व्हर्टर १२ च देतो; लेबलवरचा ३६ हा बॅटरीचा नावापुरता आकडा. दोष बहुधा बॅटरीच्या खाचेतल्या पात्यांत असतो. ती काळी पडली असतील तर साफ करा, सैल असतील तर घट्ट करा. चढावर दिवा आणि मोटर एकदम गेले आणि बॅटरी काढून लावल्यावर परत आले तर एखादा सेल कमजोर झालाय आणि बीएमएस सगळंच तोडतोय. तो इशारा दिव्याचा नाही, पॅकचा आहे. दिवा लावल्यावर वायरलेस मीटरचा वेग शून्य दिसू लागला तर कन्व्हर्टर किंवा दिव्याचा ड्रायव्हर मीटरपासून लांब सरकवा आणि दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या.

बॅटरी किती खाल्ली जाते, हा प्रश्न हमखास येतो. १५ वॉटचा दिवा, कन्व्हर्टरचं नुकसान धरून १७ वॉट. दोन तासांना ३४ वॉट-तास. ३६ व्होल्ट ७.६५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत २७५ वॉट-तास असतात. किलोमीटरला ११-१२ वॉट-तास लागत असतील तर दोन तासांच्या उजेडाची किंमत तीन किलोमीटर.

बॅटरी संपत आली की कंट्रोलर मोटर आधी तोडतो आणि बीएमएस त्याच्या खालच्या व्होल्टेजला सगळं तोडतो. या मधल्या टप्प्यात पॅडल मारत घरी जाताना दिवा चालू राहतो, हा मुख्य बॅटरीवरच्या दिव्याचा मोठा फायदा. पण तो कधी संपेल याचा भरवसा नाही, आणि संपतो तो मंद न होता एकदम. म्हणून हँडलवर यूएसबीवर चार्ज होणारा एक छोटा दिवा जोडीला असलाच पाहिजे. रोजचा अंधारातला प्रवास अर्ध्या तासाच्या आत असेल आणि रस्त्यावर दिवे असतील, तर असा एक चांगला यूएसबी दिवाच पुरे. वायरीत हात घालायची गरज नाही.

दुकानात जाताना मल्टिमीटर सोबत न्या. कन्व्हर्टर काउंटरवरच ३६ किंवा ४८ व्होल्टच्या पुरवठ्यावर लावायला सांगा, चावीची वायर सोडवलेली असताना आउटपुट शून्य आहे का आणि लावल्यावर ११.८ ते १२.६ च्या दरम्यान येतं का ते पाहा. मग दिवा जोडून दहा मिनिटं तसाच चालू ठेवा. डब्याला हात लावून धरता येत नसेल एवढा तापला तर तो नग तिथेच परत करा.